आत्याच्या गिऱ्हाइकांचा ग्रुप

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, तेव्हाच आत्याने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्या दिवसांत विकायला ताजे मासे नसतात, त्यामुळे घरी पडून राहिलं तरी धंदा बुडत नाही, असा तिचा विचार. टाके काढताना डॉक्टर म्हणाले की सपाट जागी हवं तितकं चाला, पण जिने बंद, आणि डोक्यावर ओझं तर कधीच नाही. आत्या मान हलवत राहिली. रिक्षात बसल्यावर पप्पांना बोलली, "त्याला काय म्हायत माझी गिऱ्हाइकं कितव्या मजल्यावर राहतात ते."

आत्या पप्पांची मोठी बहीण. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला आणि ती माहेरी परत आली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमचं घर मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला आहे. तिथून सकाळी खाली जेटीवर जायचं, लिलावात मासे घ्यायचे, पाटी डोक्यावर चढवायची आणि ठरलेल्या गल्ल्यांतून ठरलेल्या दारांशी जायचं, हे तिने इतकी वर्षं केलं की ती घरी असेल तर आम्हाला रविवार असल्यासारखं वाटायचं. घरात ती सामान आणायची, माझ्या शाळेची फीही कित्येकदा तिने भरली आहे. हे ती कधी बोलून दाखवत नसे. पण आपण कुणाच्या जिवावर जेवत नाही, हे तिच्या बसण्या-उठण्यात होतं.

पप्पा रिक्षा चालवतात. ऑपरेशननंतर त्यांनी जेवताना एकदाच विषय काढला. "आता पुरे गो बाय. घरात बस, आराम कर. मी आहे, ही पण कमावते." ही म्हणजे मी. आत्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी लॅपटॉपवर काम करत होते. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी घरबसल्या सोशल मीडियावरच्या पोस्ट लिहिते. एक हळद विकणारे आहेत, एक गाद्यांचं दुकान आहे, एक दातांचा दवाखाना आहे. यातल्या कुणालाही मी भेटलेले नाही आणि ते मला बरंच वाटतं. मला अनोळखी माणसांशी बोलायला जड जातं. फोन वाजला तर मी तो वाजू देते आणि मग मेसेज करते. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, तिथे माझे पेपर चांगले जायचे, पण तोंडी परीक्षेला माझा आवाज बाकाच्या पलीकडे जात नसे.

"तू त्या पुण्याच्या लोकांचं मोबाइलवर करतेस ना," आत्या बोलली, "ते माझं पण कर."

मी हसले. तिला ते आवडलं नाही.

"हसू नको. मांडवीला तो टेंपोवाला उभा राहायला लागलाय, बर्फाच्या पेट्या घेऊन. भोंग्यावर ओरडतो. बंदी उठली की तो परत येणार. मी दिसले नाय तर लोक त्याच्याकडे जाणार. लोकांचा काय दोष, त्यांना मासे पायजेत." मग ती पलंगाच्या कडेला बसली, पाय सरळ ठेवून. "श्रावणात काय नाय. पण गणपती गेले की लोक मासळीवर तुटून पडतात. तेव्हा मी असायला पायजे. नायतर संपलं. मग मी बसते घरात, खाते तुझ्या बापाचं."

तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, जणू बसची वेळ सांगते आहे. पण शेवटचं वाक्य बोलताना ती माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होती.

मी नवीन फाइल उघडली. ऑफिसात आम्ही प्रत्येक ग्राहकासाठी जो आराखडा करतो, तोच इथे करायचा ठरवलं. कुणाला विकायचं, काय विकायचं, केव्हा आणि कुठे सांगायचं, आपलं वेगळेपण काय. आत्या समोर शेंगा सोलत बसली आणि मी प्रश्न विचारत गेले.

"लोक तुझ्याकडूनच का घेतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाजारात पण मासे मिळतात. मग तुझ्याकडून का?"

"मी दारात येते म्हणून."

मी ते टाइप केलं. मग दोघीही त्या ओळीकडे बघत राहिलो. मी ती पुसली. आत्या पुन्हा शेंगा सोलायला लागली.

इन्स्टाग्रामवर पेज काढू या असं मी सुचवलं. ती बोलली, "ते कोण बघतं?"

"सगळे बघू शकतात."

"सगळ्यांना पुरतील एवढे मासे कुठायत माझ्याकडे?"

त्यामुळे पेज राहिलं. व्हॉट्सॲपवर ग्रुप करायचा ठरला. सकाळी जेटीवरूनच माशांचे फोटो टाकायचे, कुणाला काय हवं ते त्यांनी लिहायचं, आणि पप्पांनी रिक्षातून पोचवायचं. पप्पांना हे आम्ही सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या रिक्षात पॅसेंजर बसतात. मासे नाय." आत्या बोलली, "मासे उतरल्यावर बसतील." पप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते बहुतेक या भरवशावर होते की हे सगळं आपोआप बारगळेल आणि बहीण घरात बसेल.

अडचण अशी की आत्याकडे एकाही गिऱ्हाइकाचा नंबर नव्हता. नावंसुद्धा नव्हती. तिच्या बोलण्यात दोन मांजरांची होती, डॉक्टरीण होती, मुंबईची सून होती, बेल न वाजणारी होती. म्हणून पाऊस उघडलेला बघून एका सकाळी आम्ही रिक्षा काढली. आत्या मागे बसून राहायची, बोटाने घर दाखवायची, आणि जिना मी चढायचे.

मी एक वाक्य आधी पाठ केलं होतं. "नमस्कार, मी मासेवाल्या मावशींची भाची, त्यांचा ग्रुप करतोय, तुमचा नंबर मिळेल का." पहिल्या दोन दारांशी मी ते इतक्या घाईने म्हटलं की समोरच्यांना वाटलं मी काही विकायला आले आहे. दोन मांजरांच्या बाईंनी तर दार निम्मं लावून घेतलं होतं. मग खालून आत्याचा आवाज आला, "अहो, माझी भाची हाय ती!" आणि दार पुरतं उघडलं.

त्यानंतर जे झालं ते जवळजवळ प्रत्येक घरी झालं. आधी गुडघ्याची चौकशी. मग नंबर. मग मी निघताना बाई दाराबाहेर एक पाऊल यायच्या आणि आवाज उतरवायच्या.

"तुझी आत्या मला वेगळा भाव लावते हं. बोलू नकोस कुठे."

डॉक्टरीण बाई हेच म्हणाल्या. मुंबईच्या सुनेने सांगितलं की सासूबाईंच्या वेळेपासून आमच्या घराला कमी भाव आहे. जेटीच्या अलीकडे राहणाऱ्या चाची म्हणाल्या, "हमको तो वो घर का समझती है," आणि माझ्या हातावर खजूर ठेवला. घरी येऊन मी आराखड्यात एका रकान्यात लिहिलं, ग्राहकांशी जिव्हाळ्याचं नातं. मला ते वाचून समाधान वाटलं.

सगळ्यात महत्त्वाचं घर शेवटी होतं. मांडवीच्या रस्त्यावर एक चार मजली इमारत आहे, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. आत्या त्यांना नुसतं बाई म्हणते. बाईंनी सुरमई घेतली की इमारतीत चार घरी सुरमई जाते, आणि बाईंनी नाक मुरडलं तर पाटी तशीच खाली येते, असं आत्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं. टेंपोवाला उभा राहतो तोही याच इमारतीसमोर.

बाईंनी मला आत बोलावून बसवलं. कुठल्या शाळेत होतीस, असं विचारलं. मी शाळेचं नाव सांगितलं.

"मराठी वाचता-लिहिता येतं का?"

"हो."

"मग ग्रुपवर मराठीत लिही. ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, ते मला चालणार नाही. डोकं दुखतं." नंबर त्यांनी तोंडाने सांगितला आणि मी टाइप केल्यावर पुन्हा वाचून दाखवायला लावला. वेगळ्या भावाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, या एकट्याच तशा नाहीत.

बंदी उठली, बोटी जाऊ-येऊ लागल्या. श्रावण होता म्हणून ग्रुप शांत होता. सणांच्या शुभेच्छा, नागपंचमीचे फोटो, कुणीतरी टाकलेला सांधेदुखीवरचा काढा. आत्या श्रावण न पाळणाऱ्या घरांना थोडे मासे देत होती, तेही चाचींसारख्या खालच्या, बिनजिन्याच्या घरांना. ती पुन्हा जेटीवर बसायला लागली होती आणि त्यामुळे तिचा चेहरा सुधारला होता. मी रोज फोटोंचा सराव करायचे. कुठल्या बाजूने उजेड घेतला की बांगड्याची पाठ निळी दिसते, हे मला कळायला लागलं. मला ते काम आवडत होतं, हेही हळूहळू लक्षात आलं. हळदीच्या डब्याचा फोटो मला कुणीतरी पाठवतं. इथे माझे हात ओले व्हायचे.

गणपती गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जेटीवर होतो. लिलावाची ओरड चालू होती, आत्या एका उलट्या क्रेटवर बसून बोटानेच भाव वाढवत होती. तिने त्या दिवशी हात सैल सोडून माल घेतला. सुरमई, बांगडे, कोलंबी, थोडे सौंदाळे. मी फोटो काढले. एका फोटोत मांजर आलं होतं, ते आत्याने काढायला लावलं.

"भाव टाकू ना?" मी विचारलं. "लोकांना आधी भाव हवा असतो."

"टाक की." तिने एकेक भाव सांगितला, मी लिहिला, सगळं मराठीत, नीट ओळीत. पाठवलं.

पहिला निरोप दोन मांजरांच्या बाईंचा आला. हा भाव सगळ्यांना आहे का?

मी लिहिलं, हो.

मग काही वेळ कुणी काही लिहिलं नाही. मला वाटलं, विचार करत असतील काय घ्यायचं. मग एकदम धडाधड सुरू झालं.

मला सुरमई कमी भावाने मिळते.

तुम्हाला कमी कशी? मला तर ती सगळ्यात कमी लावते.

आमच्याकडे सासूबाईंपासून ती येते. आम्हाला बाहेरचा भाव कधी लावला नाही.

बाहेरचा म्हणजे? आम्ही बाहेरचे का?

मावशी, मला तुम्ही देवाशपथ सांगितलं होतंत.

चाचींनी एक हसरा चेहरा टाकला, त्यावर कुणीतरी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे. डॉक्टरीण बाईंनी लिहिलं की विषय पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. आणि मग स्क्रीनवर ती बारीक करडी ओळ आली, की बाई ग्रुपमधून बाहेर पडल्या आहेत. त्यांनी एक शब्दही लिहिला नव्हता.

"काय बोलतायत?" आत्याने विचारलं. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा ती जेटीवर आणत नाही. "किती सुरमई?"

मी तिला सगळं वाचून दाखवलं. मला आवाजात चढउतार आणता येत नाहीत, त्यामुळे भांडणही मी बातम्यांसारखं वाचलं. आत्या आधी ऐकत होती, मग तिने हात वर केला.

"थांब. ह्या एकमेकींना बोलतायत?"

"हो. ग्रुप आहे ना."

"म्हणजे डॉक्टरणीला दिसतं मांजरवाली काय लिहिते ते?"

"हो."

"आणि भाव? तो पण सगळ्यांना एकदम दिसला?"

आत्याला वाटत होतं की फोन ज्याच्या त्याच्या हातात असतो, तेव्हा निरोपही जिचा तिला एकटीलाच जातो. पाटी जशी एका दारातून दुसऱ्या दारात जाते, तसा. मला हे सांगायचं सुचलंच नव्हतं, कारण ग्रुप म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. आणि तिने मला सांगितलं नव्हतं की तिचा एक भाव कधी नसतो, कारण ते तरी कुणाला सांगावं लागतं का.

"पण तू खरंच प्रत्येकीला वेगळा भाव लावतेस?" मी विचारलं.

"छट. फिरून फिरून तिथेच येतो. मांजरवालीला भांडायला आवडतं, तिला मी वर सांगते, ती खाली आणते, खूश होते. डॉक्टरीण भांडत नाय, तिला सरळ सांगते आणि वर दोन कोलंब्या टाकते. बाई काय बोलत नाय, नुसत्या बघतात. मग मीच कमी करते." तिने पायाशी आलेल्या मांजराला हाकललं. "प्रत्येकीला वाटायचं माझा जीव तिच्यावर जास्त."

"आणि खरा कुणावर होता?"

"सगळ्यांवर होता. दिवस बघून." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. समोर बर्फात सुरमई पडली होती.

त्या दिवशी चाचींनी त्यांच्या नेहमीपेक्षा बरंच जास्त घेतलं आणि त्यांच्या जावेलाही घ्यायला लावलं. तरीही माल उरला. आईने दुपारभर बसून उरलेल्या माशांना मीठ लावलं आणि डबे भरले. आत्या तिला मदत करत होती. पप्पा जेवायला आले, त्यांनी डबे बघितले. "बघ, एवढी दगदग कशाला," एवढंच म्हणाले, अगदी प्रेमाने. आत्याला राग आला असता तर बरं झालं असतं. ती "व्हय" म्हणाली. तिच्या तोंडून इतक्या हळू आवाजातलं व्हय मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला भीती वाटली.

मी खोलीत जाऊन आराखडा पुन्हा उघडला. त्यात फोटोंना जागा होती, वेळेला होती, मराठीलाही होती. घासाघीस कुठेच बसत नव्हती. आमच्या ऑफिसात भाव ही सगळ्यात सोपी गोष्ट असते, तो वरून ठरून येतो. मी ग्रुप बंद केला. त्याऐवजी अशी यादी केली की निरोप एकदाच पाठवला तरी तो प्रत्येकीला एकटीलाच जातो, आणि उत्तरही फक्त आपल्यालाच येतं. मग आत्याकडे गेले.

"तुला वाटत होतं तसं करता येतं," मी तिला सांगितलं. "एकीचं दुसरीला दिसत नाही. भाव लिहायचा नाही. आणि लिहायचंच कशाला, तू बोल. तुझा आवाज जाऊ दे."

तिने फोन हातात घेतला, लांब धरला आणि इमारतीखालून हाक मारावी तशी ओरडली, "बाय, उद्या कोलंबी हाय गोऽऽ!" शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. ते तसंच पाठवलं. मी तिला हळू बोलायला सांगणार होते, पण उत्तरं आली ती वाचून राहू दिलं. मुंबईच्या सुनेने लिहिलं, किती दिवसांनी आवाज ऐकला. दोन मांजरांच्या बाईंनी लिहिलं की त्यांना कोलंबी हवी आहे, पण त्या अजून रागावलेल्या आहेत.

बाईंचं उत्तर आलं नाही. निरोप त्यांनी ऐकलेला मात्र दिसत होता.

"बाई गेल्या तर ती बिल्डिंग गेली," आत्या बोलली. "बिल्डिंग गेली तर उरलेल्यात माझं रिक्षाचं भाडं पण सुटणार नाय. मग तुझा बाप बोलतो तेच खरं."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंच्या इमारतीखाली गेलो. टेंपो थोडा पुढे उभा होता, भोंगा चालू होता. मी एका टोपल्यात सुरमई आणि कोलंबी घेऊन तिसरा मजला चढले. या वेळी पाठ केलेलं वाक्य नव्हतं. बाईंनी दार उघडलं.

"भाव ठरलेलाच असेल तर मी बाजारातूनच घेईन," त्या म्हणाल्या. "तिथे निदान निवडता येतं."

"ठरलेला नाहीये," मी म्हटलं. मग मला पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी आत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाईंसमोर धरला. स्क्रीनवर आधी रिक्षाचं छत दिसलं, मग आत्याचं कपाळ.

"बाई, सुरमई बघितलीत?"

"बघितली. डोळे बरे आहेत. काय घेणार?"

आत्याने भाव सांगितला. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या फोनकडे बघत राहिल्या. बाईंचं ते बघणं फोनमधून खाली पोचत नव्हतं. आत्या तिकडून म्हणत होती, "बाई? ऐकू येतंय? बाई?" आणि मी एका हातात टोपलं, एका हातात फोन धरून उभी होते. आत्याचं चित्र अडकलं, अर्ध्या उघड्या तोंडासकट.

"तू खाली आहेस ना गो?" बाईंनी अडकलेल्या चित्राला विचारलं. उत्तर आलं नाही. "मग या पोरीला कशाला चढवलीस वर?" त्यांनी चपला पायात घातल्या, छत्री घेतली, आणि माझ्यापुढे जिना उतरायला लागल्या. मी टोपलं सांभाळत मागून गेले.

खाली पाऊस बारीक सुरू झाला होता. बाई सरळ रिक्षात मागे आत्याशेजारी जाऊन बसल्या. पप्पा पुढच्या सीटवर होते. त्यांनी वळून बघितलं, मग बाहेर येऊन एका बाजूचा पडदा खाली सोडला, बाई भिजू नयेत म्हणून, आणि स्वतः येऊन माझ्याजवळ वळचणीला उभे राहिले.

आम्हाला आतलं फारसं ऐकू येत नव्हतं. एकदा आत्याचा आवाज चढला, "बाई, एवढ्यात मला बर्फपण येत नाय!" मग शांतता. ती शांतता बरीच लांबली. मला माहीत होतं की आत बाई बघत आहेत. मग आत्या काहीतरी हळू बोलली, आणि बाई हसल्या. त्यांनी पडदा सारून टोपलं आत मागितलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुरमईची पिशवी होती. जाता जाता त्या माझ्याजवळ थांबल्या. "भाव कुठे बोलू नकोस हं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मराठीत नेहमी असतो तो मुख्याध्यापिकेचा सूर त्या वाक्यात नव्हता. वर गॅलरीत दोघी-तिघी उभ्या होत्या. एकीने विचारलं, "बाई, बरी आहे का?" बाईंनी पिशवी थोडी उंच करून दाखवली.

एकेक शेजारीण उतरायला लागली. प्रत्येकजणी आत्याशेजारी बसायची, पडदा खाली असायचा, बाकीच्या वळचणीला उभ्या राहून गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च किती येतो यावर बोलायच्या. टेंपोचा भोंगा सुरमईचा भाव सगळ्या रस्त्याला सांगत होता. आत बसलेली बाहेर आली की दुसरी आत जायची आणि बाहेर येणारीचा चेहरा असा असायचा की तिने काहीतरी लपवून आणलं आहे.

आता हेच चालतं. आदल्या संध्याकाळी आत्या फोनवर ओरडते, सकाळी मी फोटो पाठवते, भाव नसतो. कुठल्या इमारतीखाली रिक्षा केव्हा येईल ते मी लिहिते, आणि लोक खाली येतात. सगळे परतले असं नाही. डॉक्टरीण बाई टेंपोवरूनच घेतात, तिथे एकच भाव असतो आणि त्यांना ते आवडलं आहे. बेल न वाजणाऱ्या घराने उत्तरच दिलं नाही. पूर्वीएवढा माल आत्या आता घेत नाही. पण घेते त्यातला घरी परत काही येत नाही, आणि गेल्या आठवड्यात वाण्याकडचं सामान पुन्हा तिने आणलं. पिशवी पप्पांनीच उतरवून घेतली.

मांजरवाल्या बाईंना मी परवा रस्त्यात भेटले. त्यांनी मला ओळखून हाक मारली आणि मी थांबले, बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण बराच वेळ बोललो.

काल संध्याकाळी आत्या पायरीवर बसून गुडघ्याला तेल लावत होती. पप्पा रिक्षाची मागची सीट साबणाने धूत होते. एका पॅसेंजरने वासावरून कुरकुर केली होती, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं, पण तक्रार केल्यासारखं नाही. मी आत निरोप लिहायला बसले होते, खिडकीतून दोघं दिसत होती.

"उद्या किती वाजता निघायचं?" पप्पांनी फडका पिळता पिळता विचारलं.

"बोटी तर येऊंदेत आधी," आत्या बोलली. मग थोड्या वेळाने, "सातला तयार रहा. उशीर करू नको, मांडवीवाल्या वाट बघतात."

"बरं," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी पडदाही धुवायला काढला.